पियानोशेजारची खाट

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मित्राच्या छातीत पाणी झालं आहे, असं परवा कळलं. तो उशीत तोंड खुपसून खोकला दाबतो. मला ते ओळखू येतं, कारण गेल्या वर्षी मीही तेच करत होतो. समोर बसून सांगायला गेलो तर माझी जीभ अडखळते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे चार शब्द नीट मांडायचे तर मला कागदच बरा पडतो, म्हणून हे त्याच्यासाठी लिहितो आहे. औषधांची नावं मला आठवत नाहीत आणि ती सांगणं माझं कामही नाही. सांगायचं आहे ते भीतीबद्दल. त्यातलं काही खरं वाटणार नाही. मलाही सगळं पटलेलं आहे असं नाही.

भरलेला रांजण

सुटीत गावी गेलो होतो. गाव नळदुर्गपासून दोन कोसांवर. डाव्या बरगडीखाली चमक निघायची. मला वाटलं, ज्वारीचं पोतं उचलताना भरली असेल. मग दुपारी अंग तापू लागलं, आणि जिना नसलेल्या आमच्या घरात मला उंबरा चढताना दम लागू लागला. बापानं मला बैलगाडीत घातलं, मायला सोबत घेतलं, पुढं मोटारीनं धाराशिवला आणलं.

डॉक्टर हमीदसाहेब उंच होते, बोटं थंडगार. त्यांनी एक पंजा माझ्या पाठीवर पालथा ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकलं. उजवीकडं पोकळ आवाज आला. डावीकडं नुसतं ठक्क. बाजारात रांजण घेताना बाप असाच ठोकून घेतो. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "भरलंय."

"सही बोले बाबा," डॉक्टर म्हणाले. "पानी है." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "देखो मियाँ, पडे रहना. हिलना नक्को, और मुझसे कुछ छुपाना नक्को. पानी खुद उतरा तो ठीक, नहीं तो सुई से निकालेंगे. खाँसी और साँस, दोनों का हिसाब मुझे रोज देना."

बाहेर व्हरांड्यात बाप मायला म्हणाला, "शिकून काय झालं? छातीत पाणी." ते मला ऐकू आलं. सुगी अंगणात पडली होती, म्हणून तो त्याच मोटारीनं परत गेला. माय राहिली.

दुखण्याच्या पहिल्या दिवशी माणूस मरणाला भितो असं मला वाटत होतं. मी भ्यालो ते वेगळ्याच गोष्टीला. बापाचं म्हणणं खरं निघालं तर, याला.

कनातीच्या अलीकडं

त्या दिवसांत तापाची साथ होती. दवाखान्यात जागा उरली नव्हती, तेव्हा समोरच्या क्लबानं आपला अर्धा हॉल दिला. मधोमध जाड कापडाची कनात बांधली. पलीकडं अधिकारी मंडळींचा कॅरम, चहा, कधी तबला. अलीकडं आम्ही सहा खाटा. एकाच छपराखाली हसणं आणि कण्हणं. कनात पातळ नव्हती, पण आवाजाला कापड अडवत नाही.

माझी खाट शेवटची, भिंतीकडची. आणि तिच्या शेजारी ताडपत्रीखाली काहीतरी मोठं, बसक्या रेड्याएवढं, तीन पायांवर उभं होतं. मायला वाटलं, मोहरमच्या ताबुताचा डोला झाकून ठेवला असेल. ती जाता-येता त्याला हात जोडायची. तो पियानो होता. कुण्या साहेबानं कधीतरी आणलेला, आणि बदली झाल्यावर फार जड म्हणून तिथंच टाकलेला.

पहिल्या दुपारी मला उबळ आली. बाहेर रणरणतं ऊन, आत सगळे गपगार. खोकला थांबला, पण आवाज थांबला नाही. ताडपत्रीखालून हुंकार आला. बारीक, लांब, विरत जाणारा. कुणीतरी तोंड मिटून "हूं" म्हणावं तसा.

मी पुन्हा मुद्दाम थोडा खोकलो. पुन्हा "हूं".

कॉलेजात मी शिकलो होतो की एक तार वाजली की तिच्या जोडीची तार न छेडता वाजते. परीक्षेत ते व्याख्येसकट लिहून चांगले गुण मिळवले होते. मी मनात ती व्याख्या म्हटली. पण अंगात ताप असताना, भर दुपारी, हातभर अंतरावरून आपल्या खोकल्याला कुणी उत्तर देत असेल, तर परीक्षेतलं उत्तर कामाला येत नाही.

पलीकडच्या खाटेवर एक म्हातारे कोष्टी होते. मी त्यांना बाबा म्हणायचो. तेही ऐकत होते. त्यांनी मान वळवली.

"ते मोजतंय," ते म्हणाले.

"काय मोजतंय, बाबा?"

"तुझा खोकला. माझा मोजून झालाय. तू जपून खोक."

माय म्हणाली, "लेकराला भिववू नका हो!" पण त्या दिवसापासून तिनं डोल्याला हात जोडणं सोडलं आणि पदराचं टोक तोंडाशी धरून माझ्या आणि त्याच्यामध्ये बसू लागली.

तीन-चार दिवसांनी दुपारीच बाबा गेले. त्यांना उचलून नेलं, खाट रिकामी झाली. कुणी खोकलं नव्हतं. कुणी बोलतही नव्हतं. आणि ताडपत्रीखालून एक जाड तार वाजली. एकच. ती विझायला फार वेळ लागला. मायनं माझे दोन्ही पाय घट्ट धरून ठेवले, जणू मी कुठं चाललो होतो.

रिकामी खाट सरकवताना तिचा पाय फरशीवर आपटला असेल. हे मला आज सुचतं.

मी खोटं बोललो

इथून पुढचं लिहायला लाज वाटते, पण हे सगळं त्यासाठीच लिहितो आहे.

मी खोकला गिळू लागलो. उबळ आली की चादर दातांत धरायची, पोट आवळायचं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. डॉक्टर विचारायचे, "क्यों मियाँ, खाँसी?" मी म्हणायचो, "नाही."

"साँस?"

"ठीक."

माय शेजारून आनंदानं सांगायची, "लई कमी झालाय, डाक्टरसाब. आवाजच न्हाय."

ते पाठीवर ठोकायचे आणि कपाळाला आठी घालायचे. "अजीब है. पानी उतरा नहीं, खाँसी गई." पण मी कॉलेजात शिकणारा मुलगा. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. सुई घालणं पुढं ढकललं.

मला कळत होतं की मी बुडतो आहे. एक वाक्य एका दमात होत नव्हतं. मायशी बोलताना मी लहान लहान शब्द निवडायचो, म्हणजे तिला कळू नये. बाप एकदा येऊन गेला. आत आला नाही, दारातच उभा राहिला. बिछान्याजवळ ज्वारीच्या लाह्यांचं गाठोडं पाठवलं. दोन दाणे खाल्ले तरी श्वास चुकत होता. तरी खोकला नाही. कारण मनात एकच: मोजणी पुरी झाली की संपलं.

गुंडप्पा

मग क्लबात जलसा ठरला. जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांकडं पाहुणे येणार होते आणि त्यांची मुलगी पियानो वाजवणार होती. पियानो कनातीपलीकडच्या ओट्यावर हवा होता.

क्लबाच्या चपराशानं आधी चार गडी लावले. त्यांनी ताडपत्री काढली आणि बैलगाडी ओढावी तसा ओढला. पायाचं पितळी चाक फरशीच्या सांध्यात अडकलं, आणि आतून असा काही गडगडाट झाला की चौघेही हात सोडून थेट बाहेर. "ह्यात कायतरी हाय," म्हणाले, आणि परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुंडप्पा सुतार आले. जत्रेचा रथ बांधणारे आणि ओढताना त्याच्या चाकाला पाचर मारणारे म्हणून त्यांचं नाव होतं. मूळचे कानडी मुलखाकडचे. सोबत रथाची सहा माणसं. त्यांनी पियानोभोवती एक फेरी घातली, खाली वाकून बघितलं, मग पोटाला कान लावून बोटाच्या हाडानं ठिकठिकाणी ठोकलं. मी खाटेवरून बघत होतो. हमीदसाहेबही बघत होते.

"लकडी है मियाँ, क्या सुनते?"

"डॉक्टरसाब, तुमी हेच्या छातीला ठोकता, म्या हेच्या," गुंडप्पा एकदा माझ्याकडं, एकदा पियानोकडं बोट करत म्हणाले. "धंदा एकच हाय की."

मग त्यांनी कळशी मागवली. आमच्याकडं देव जागचा हलवायचा झाला, तर आधी त्याचा जीव कळशीतल्या पाण्यात उतरवून घेतात. नव्या जागी देव बसला की ते पाणी त्याच्यावर घालतात. गुंडप्पांचा हिशोब सरळ होता: याला आवाज आहे, म्हणजे जीव आहे, जीव असताना उचललं तर दगा देणार.

चपराशी हसला. "अप्पा, हा तर साहेबाचा बाजा."

"साहेब गेला का न्हाय? बाजा हाय का न्हाय? मग कुणाचा ऱ्हायला? ज्या जागी बसला, तिथला झाला."

त्यांनी तांब्याची लहानशी कळशी पियानोवर ठेवली, पाण्यात नागवेलीचं पान सोडलं, हळदीची चिमूट टाकली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि तोंडाला फडकं बांधलं. मग इकडं-तिकडं बघू लागले.

"ही अशा ठिकाणी पायजे, जिथं कुणाचा पाय लागू नये. हलू नये." त्यांची नजर माझ्यावर थांबली. "हा तम्मा हलतो का?" कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात.

"इसको हिलना मना है," डॉक्टर म्हणाले.

"मग हेच्या खाटेखाली."

मायचा चेहरा उतरला. पण तिनं आमची उकळलेल्या पाण्याची कळशी सरकवून जागा केली. 

निधान

हे काम बघितलं तसं सांगतो, कारण ते मी कधी विसरणार नाही.

आधी सुरांच्या पट्ट्यांवरचं झाकण लावून बांधलं. मग वरचं मोठं झाकण बिजागरीतून काढून वेगळं नेलं, आणि मला पहिल्यांदा आतल्या तारा दिसल्या, मागावर ताणा लावावा तशा. कोष्टीबाबा असते तर त्यांना ओळखीचं वाटलं असतं. मग खालची, पायानं दाबायची पट्टी सोडवली. एका जाड फळीवर पेंढ्याची पोती अंथरली आणि वर गोधड्या. गोधड्या कमी पडल्या, तेव्हा मायनं आमची दिली.

"पाय धरून कुणी उचलायचं न्हाय," गुंडप्पा माणसांना सांगत होते. "बैल पाय धरून उचलता का रं?"

"अप्पा, बैल निदान शेपूट तरी हलवतो," एकजण म्हणाला. "हे नुसतं गुरगुरतंय."

"तू बी घरी तेच करतुस म्हनं."

सगळे हसले. मग त्यांनी हात वर केला आणि हसणं बंद झालं.

"आता माझ्याबगर कुणी आवाज करायचा न्हाय. कुणी बी. आवाज आला की हात दचकतो, हात दचकला की माणूस मरतो."

चौघांनी डावीकडच्या पुढच्या कोपऱ्याखाली खांदा दिला, पाचव्यानं तिथला पाय काढला, आणि "निधान... निधान..." असं, म्हणजे कानडीत हळू, हळू, म्हणत तो कोपरा हळूहळू खाली घेत ते सगळं धूड सरळ कडेवर उभं केलं. मग उरलेले दोन पाय. वरून गोधड्या, त्यावर दोर. फळीखाली बाभळीचे गोल ओंडके. कनातीला वळसा घालून जायची वाट माझ्या खाटेला खेटूनच होती, दुसरी नव्हती. आणि मला हलवायची मनाई होती.

ते येऊ लागलं. उभं, माणसाहून उंच, आमच्या गोधडीत गुंडाळलेलं. माझ्या बहिणीच्या जुन्या परकराचं ठिगळ माझ्या तोंडासमोरून सरकत होतं.

आणि मला उबळ आली.

चादर दातांत धरली. पोट आवळलं. तेवढ्यात पुढचा ओंडका तिरका झाला आणि फळी एक बोट घसरली. धूड माझ्या बाजूला कललं. सहा माणसांचे दंड थरथरत होते. मी खोकलो तर ते दचकणार. दचकले तर ते धूड माझ्यावर येणार. नाही खोकलो तर मला श्वास नव्हता. डोळ्यांपुढं पिवळं, मग काळं दिसू लागलं. मायनं तोंडात पदर कोंबला होता.

गुंडप्पा खाली बसून पाचर ठोकत होते. त्यांनी वर बघितलं ते नेमकं माझ्या तोंडाकडं. ओठ निळे पडलेले त्यांना दिसले असावेत. दुसरी पाचर त्यांनी शांतपणे बसवली, उठून पाठ कललेल्या बाजूला लावली आणि म्हणाले,

"पोरांनो, आता आवाज येनार हाय. सोडायचं न्हाय."

मग मला: "खोक, तम्मा. खोक. आमी धरलंय."

मी खोकलो. महिनाभराचा खोकला होता तो. आणि गोधडीतून, पेंढ्यातून, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावरून सगळ्याच्या सगळ्या तारांनी उत्तर दिलं. तो आवाज मी सांगू शकत नाही. मोठा जमाव एकदम जागा व्हावा तसा. खाट थरथरली. खाली कळशीतलं पाणी हललेलं मला ऐकू आलं.

कुणीही हात सोडला नाही.

एकाच्या तोंडून "आई गं" निघालं, एवढंच. मी खोकत राहिलो, ते वाजत राहिलं, सहा माणसं धरून राहिली. मग फळी सरळ झाली आणि ते धूड "निधान, निधान" करत कनातीमागं गेलं.

हमीदसाहेब दारात उभे होते. ते धावत आले, माझी नाडी धरली, पाठीला कान लावला. "ये खाँसी किधर छुपा रखी थी?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून मला रडू आलं. त्याच दुपारी त्यांनी सुई घातली. पातेलंभर पाणी निघालं, वाळल्या गवताच्या रंगाचं. सुईचं दुखणं मोठं नाही, हे मित्रा, तुला आधीच सांगून ठेवतो. पाणी निघताना छातीत वारा येतो. त्यासाठी ते सोसावं.

संध्याकाळी मी नुसता तहानलेला होतो. माय चमच्यानं पाणी पाजत होती, किती वेळ कोण जाणे. पाण्याला हिरवट, पानासारखी चव होती. तापानं तोंडाची चव गेली असेल, असं मला वाटलं.

कळशी

दुसऱ्या सकाळी गुंडप्पांनी पाय बसवले, कळशी नेली आणि पियानोवर पाण्याचे चार थेंब शिंपडले. आतल्या कांड्यांमध्ये उंदरानं चिंध्यांचं घरटं केलेलं त्यांना सापडलं. त्यामुळं तारांवर टेकून त्यांना गप्प ठेवणाऱ्या गाद्या उचललेल्याच राहत होत्या. घरटं काढलं, गाद्या बसल्या. आता तो हात लावल्याशिवाय वाजणार नव्हता. माझी कॉलेजातली व्याख्या खरी होती, हे मला तेव्हा कळलं. मला फार बरं वाटलं.

जलशाला पियानो छान वाजला म्हणे. हमीदसाहेब मला गमतीनं सांगत होते, "मैं उसके पास जाके खाँसा. जवाब नहीं दिया."

मला घरी सोडलं तेव्हा बाप मोटारीच्या अड्ड्यावर न्यायला आला होता. त्यानं माझी पुस्तकांची पिशवी स्वतः खांद्याला लावली. ती पिशवी त्यानं नळदुर्गपर्यंत खाली ठेवली नाही.

वाटेत माय माझ्या कानाशी आली.

"तुला एक सांगू? कुणाला बोलू नगंस."

"काय?"

"त्या सांजेला तू पानी पानी करत व्हतास. दोन कळश्या व्हत्या खाटेखाली, एक उकळलेल्या पान्याची. अंधारून आलं व्हतं." ती थांबली. "सकाळी बघितलं तर पानवाली रिकामी. म्या हिरीचं पानी भरून फडकं बांधून ठिवलं. गुंडप्पानं तेच शिंपडलं."

मी हसलो. "मग काय झालं, माय? पाणीच ते."

"व्हय," ती म्हणाली. "पानीच." आणि माझ्या डाव्या बरगडीवर हात ठेवून गावापर्यंत बसून राहिली.

आता मी चांगला आहे. जेवतो, चालतो, दम लागत नाही. खोकला तर वर्षभरात एकदाही आलेला नाही. डॉक्टर म्हणतात, छाती साफ आहे.

फक्त एक गोष्ट आहे, जी मी अजून कुणाला सांगितलेली नाही. परवा दुपारी वसतिगृहात सामसूम होती. भिंतीपलीकडं तू खोकलास, उशीत तोंड दाबून. तू थांबलास, आणि माझ्या डाव्या बरगडीत काहीतरी बारीक, लांब गुणगुणलं आणि विरत गेलं. मी तोंड मिटून होतो.

मी मोजत नाही, मित्रा. बाबा चुकले होते; पियानोतलं तेही मोजत नव्हतं. उशी बाजूला कर आणि उद्या डॉक्टरांपुढं मोकळा खोक. मी तुझ्यासोबत येतो. आम्ही धरलंय.